परीक्षा कोणाची?

जानेवारी महिन्यातील एका रविवारची दुपार. बीड जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, चर्चला लागून असलेल्या सभागृहात कराटेच्या वर्गाची परीक्षा होती. मुले तिला ‘बेल्टची परीक्षा’ म्हणतात. एकंदर तेवीस मुलेमुली पांढऱ्या पोशाखात रांगेने उभी होती. दोन-तीन वर्षे पुरावा म्हणून आईवडिलांनी एक माप मोठा घेतलेला तो पोशाख. त्यामुळे बहुतेकांच्या बाह्या दुमडलेल्या. परीक्षा घेण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक प्रौढ शिक्षक आले होते. पट्टे वाटण्याचा मान मला दिलेला असल्यामुळे मी खुर्चीत बसून होतो. कराटेतले मला काही कळत नाही. परंतु मुलांचे चेहरे वाचण्याचा थोडाफार सराव इतक्या वर्षांच्या सेवेत झालेला आहे.

त्या रांगेत बारा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले. आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबांचा हा दरवर्षीचा शिरस्ता आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि हा कोयता पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कुठल्यातरी कारखान्याच्या फडात, पाचटाच्या कोपीत राहतो. मुलगा आजीजवळ राहिला होता. पाडव्याच्या सुमारास आई परत येईल तेव्हा तिला पिवळा पट्टा दाखवायचा, हे त्याने मला आठवडाभर आधीच सांगून ठेवले होते.

परीक्षेत प्रथम ‘काता’ करून दाखवायचा असतो. काता म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी केलेल्या हालचालींचा ठरीव क्रम. हा मुलगा अर्ध्यावर विसरला. परीक्षकांनी पुन्हा सुरुवात करावयास सांगितले. पुन्हा तो नेमका त्याच जागी अडला. त्याचे कान लाल झालेले मला खुर्चीतून दिसत होते. त्यानंतर ‘कुमिते’, म्हणजे प्रत्यक्ष जोडीदाराशी लढत. या वयाच्या मुलांनी ठोसा चेहऱ्याजवळ नेऊन आवरावा, असा तिथला नियम होता. या मुलाने तो आवरला नाही. समोरच्या, त्याच्याहून लहान मुलाच्या ओठातून रक्त आले. निकालात तेवीसपैकी बावीस जण उत्तीर्ण झाले. एक झाला नाही.

दाराशी त्याची आजी उभी होती. “फादर, पास झालं का ओ पोरगं?” तिने विचारले. मला उत्तर देववेना. मी आत गेलो, परीक्षकांना बाजूला घेतले आणि रदबदली केली. मुलाची घरची परिस्थिती सांगितली, आई येणार असल्याचे सांगितले आणि शेवटी म्हटले, “एक पिवळा पट्टा तर आहे. त्याने कोणाचे काय बिघडणार?”

ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “फादर, काता विसरला म्हणून मी त्याला थांबवला नसता. विसरतात मुलं. पण स्वतःवरचा राग त्यानं दुसऱ्याच्या तोंडावर काढला. आज पट्टा दिला, तर तो हेच शिकेल की ते चालतं.”

त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. मुलाची परीक्षा झाली होती, हे खरे. परंतु परीक्षा फक्त त्याचीच झाली होती काय, हा प्रश्न मला सतावू लागला. तो प्रश्न वाचकांपुढे मांडावा, एवढ्यासाठी हे लिखाण.

पट्ट्याची कुळकथा

कमरेच्या पट्ट्यावरून विद्यार्थ्याची पायरी ओळखण्याची पद्धत फार प्राचीन असावी, असा आपला समज असतो. वस्तुतः ती आधुनिक आहे. जपानमधील जिगोरो कानो या शिक्षणतज्ज्ञाने १८८२ साली ज्युदोची कोडोकान ही संस्था स्थापन केली. जपानमध्ये ‘गो’ या बैठ्या खेळातील खेळाडूंना ‘दान’ नावाच्या श्रेणी देण्याची रीत होती. ती कानो यांनी आपल्या विद्येला लावली आणि पुढे वरच्या श्रेणीची खूण म्हणून काळा पट्टा आला. ओकिनावा बेटावरून कराटे जपानच्या मुख्य भूमीवर नेणारे गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ साली आपल्या काही विद्यार्थ्यांना काळे पट्टे दिले. पिवळा, नारिंगी, हिरवा ही रंगांची शिडी त्यानंतर युरोपात रूढ झाली आणि तेथून जगभर पसरली.

कानो हे पेशाने शिक्षक होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. शरीर बळकट करणे हा त्यांचा अंतिम हेतू नव्हता. शरीराच्या द्वारे माणूस घडविणे हा होता. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीस ‘शोदान’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ ‘आरंभीची पायरी’ असा आहे. आपण ज्याला शिखर समजतो, त्याला ती परंपरा उंबरठा समजते.

आपल्याकडील तालमीत तर पट्टाच नसतो. लाल मातीत सर्वांचे अंग सारखेच माखते. कोणता पोरगा कोठवर आला आहे, हे वस्ताद कागदावर लिहीत नाही. तो रोज पहाटे पाहत असतो. जोर-बैठका कोण मोजून मारतो आणि कोण मोजणी चुकवतो, हौद्याची माती कोण न सांगता खणतो, धाकट्या पठ्ठ्याला डाव शिकवताना कोण त्याचा हात उगाच जास्त पिरगाळतो, हे सारे वस्तादाच्या ध्यानात राहते. मग जत्रेच्या फडात तो जोड लावतो. तिथे हलगी वाजत असते, गाव भोवती बसलेले असते आणि जे रोजच्या सरावात मुरलेले असेल, तेच अंगातून बाहेर पडते.

शील उघडे पडते म्हणजे काय?

गुरुविद्यालयात तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला अॅरिस्टॉटलचे नीतिशास्त्र शिकविले गेले. त्यातील एक विचार तेव्हा मी पाठ केला आणि आता कोठे थोडासा समजतो आहे. धैर्याची चर्चा करताना तो म्हणतो की, आधी कळून आलेल्या संकटापेक्षा अकस्मात कोसळलेल्या संकटात जो डगमगत नाही, त्याचे धैर्य अधिक खरे. कारण आधी कळलेल्या गोष्टीला माणूस विचार करून, मनाची तयारी करून सामोरा जाऊ शकतो. अकस्मात प्रसंगी विचाराला वेळच नसतो. तिथे उत्तर देते ती अंगवळणी पडलेली वृत्ती. संत थॉमस अक्वायनस यांनी सद्गुणांची मीमांसा करताना याच पायावर बांधकाम केले. सद्गुण म्हणजे एखादे चांगले कृत्य नव्हे. पुनःपुन्हा केलेल्या कृत्यांतून स्वभावात मुरलेली ती एक स्थिर वृत्ती होय.

या दृष्टीने पाहता कराटेची परीक्षा शीलाचा आरसा ठरते, यात आश्चर्य नाही. गणिताच्या पेपरात मनातला राग उत्तरपत्रिकेवर उमटत नाही. इथे मात्र शरीरच उत्तरपत्रिका असते. समोरून ठोसा येतो तेव्हा डोळे मिटतात की उघडे राहतात, जोडीदार घसरून पडला तर हात थांबतो की तीच संधी साधतो, परीक्षकाने चूक दाखविली तर मान खाली जाते की ओठ आवळले जातात, हे सारे सर्वांसमक्ष आणि क्षणार्धात घडते. शेजाऱ्याचे पाहून लिहिण्याची सोय तिथे नाही.

परंतु येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. एका दिवसाच्या, एका घटकेच्या वागण्यावरून माणसाचे शील ठरविणे न्याय्य आहे काय? १९७३ साली अमेरिकेतील डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो वाचताना कोणत्याही धर्मगुरूची मान खाली जावी. प्रिन्स्टन येथील चाळीस सेमिनरी विद्यार्थ्यांना त्यांनी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत छोटेसे भाषण देण्यासाठी पाठविले. काहींच्या भाषणाचा विषय तर ‘चांगला शोमरोनी’ हाच होता. वाटेत एक माणूस दारात वाकून, कण्हत बसलेला असेल, अशी व्यवस्था केली होती. कोण थांबले? भाषणाचा विषय कोणता होता, यावर ते फारसे अवलंबून नव्हते. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी जवळजवळ दोनतृतीयांश थांबले. ज्यांना ‘उशीर झाला आहे’ असे सांगितले होते त्यांच्यापैकी दहांतला एक थांबला.

मग त्या न थांबलेल्या विद्यार्थ्यांचे शील वाईट होते, असे म्हणावे काय? की घाईने शील झाकून टाकले, असे म्हणावे? आमच्या सभागृहातील तो मुलगा दुष्ट होता काय? मुळीच नाही. त्याच्या मनावर आईच्या परतण्याचा भार होता, सर्वांदेखत दोनदा अडल्याची लाज होती. त्या भाराखाली त्याचा हात सुटला.

या आक्षेपात तथ्य आहे, आणि तरीही त्याचे उत्तर मला आपल्याच भाषेतील ‘परीक्षा’ या शब्दात सापडले. ‘परि’ म्हणजे सभोवार आणि ‘ईक्षा’ म्हणजे पाहणे. परीक्षा म्हणजे सर्व बाजूंनी पाहणे. आपण मात्र एकाच बाजूने पाहतो, आणि ती बाजू म्हणजे निकाल. एका ठोशावरून मुलगा कसा आहे, हे ठरत नाही. तो या घटकेला कोठे उभा आहे, एवढेच कळते. वैद्य नाडी पाहतो तेव्हा तो शिक्षा सुनावत नसतो. शिवाय एकच प्रसंग फसवू शकेल, परंतु पाठोपाठचे प्रसंग सहसा फसवीत नाहीत. परीक्षेपूर्वीची वाट पाहणे, प्रत्यक्ष परीक्षा, निकाल ऐकण्याचा क्षण आणि निकालानंतरचा पहिला वर्ग, या चौघांना ओवणारा जो धागा, तेच शील. त्यातही मला शेवटचे दोन अधिक मोलाचे वाटतात.

निकालानंतरची परीक्षा

१९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा प्रथमच समावेश झाला. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत हॉलंडच्या अँटन गेसिंक याने जपानच्या अकिओ कामिनागा याला धरून ठेवले आणि जपानी प्रेक्षकांसमोर, जपानच्याच विद्येत, जपानला हरविले. आनंदाने बेभान झालेले हॉलंडचे लोक मॅटवर धावून येऊ लागले. विजयाच्या त्या क्षणी गेसिंकने हात वर करून त्यांना थोपविले. पराभूत प्रतिस्पर्धी अजून तिथेच होता. लढतीच्या शेवटचे नमन व्हावयाचे होते. ते पदक त्याने बळाने मिळविले. पण सुवर्णपदकाची लढत संपल्यावर, कोणीही गुण देत नसताना, तो दुसरी एक परीक्षा उत्तीर्ण झाला. आज साठ वर्षांनंतर लोक त्याचा डाव जितका आठवतात, तितकाच तो वर केलेला हातही आठवतात.

याच्या उलट प्रसंग आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच घडला. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून वाद झाला. रागाच्या भरात एका नामांकित मल्लाने पंचांना लाथ मारली. पुढे दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. निर्णय बरोबर होता की चूक, याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. कदाचित मल्लावर अन्याय झालाही असेल. परंतु अन्याय झाला, एवढ्याने आपल्या पायावरचा आपला ताबा सुटावा काय? वर्षानुवर्षे मेहनत करून कमावलेले बळ त्या एका क्षणी त्याच्या धन्याचे ऐकेनासे झाले. आणि दुसरी बाजूही विसरू नये. जिथे पंचांवरचा विश्वास ढळलेला असतो, तिथे खेळणाऱ्याच्या मनात राग आधीच दारू भरून ठेवावी तसा भरलेला असतो.

आणि आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण द्यायचे, तर पाटोद्याच्या राहुल आवारे यांचे देता येईल. वडील बाळासाहेब हे स्वतः कुस्तीगीर. मुलगा पुण्याला रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्या तालमीत गेला. २०११ साली गुरू निवर्तले. पुढे काका पवार यांच्या मार्गदर्शनाखाली सराव चालू राहिला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला जाण्याची संधी हुकली. अनेकांची कारकीर्द अशा ठिकाणी कडवटपणात संपते. आवारे यांनी २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्णपदक मिळविले, आणि २०१९ साली नूर-सुलतान येथे ६१ किलो गटात जागतिक स्पर्धेचे कांस्य. हा ६१ किलोचा गट ऑलिंपिकमध्ये नसतो. म्हणजे ऑलिंपिकचे दार त्या वाटेने उघडणार नव्हते. पदकांपेक्षा मला त्या दोन तारखांमधील अंतर बोलके वाटते. २०१६ ते २०१८ या काळात टाळ्या नसताना जो पहाटे उठून मातीत उतरला, त्याचे शील त्या पहाटेनेच पाहिले.

परीक्षकाची परीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. त्या रविवारी मी जी रदबदली केली, तिला मी मनाशी ‘दया’ असे नाव दिले होते. शांतपणे विचार केला तेव्हा दिसून आले की, ती दया नव्हती. आजीच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे धैर्य मला नव्हते, आणि माझ्या त्या अवघडलेपणाची किंमत मी एका खोट्या पट्ट्याने चुकवू पाहत होतो. ज्याच्या ओठातून रक्त आले, त्या लहान मुलाचा तर मी विचारही केला नव्हता.

असे मी एकटाच करतो काय? दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत शाळेच्या भिंतीवरून चिठ्ठ्या आत फेकणारे हात आपण पाहिले आहेत. ते हात मुलांचे नसतात. मोठ्या भावांचे, काकांचे, प्रसंगी वडिलांचे असतात. त्यांनाही विचारले तर ‘पोराचं भलं व्हावं म्हणून’ असेच उत्तर मिळेल. वर म्हटले की, कराटेच्या परीक्षेत कॉपी करता येत नाही. मुलाला ती करता येत नाही, हे खरे; मोठ्यांना मात्र येते. शुल्क भरले की दर तीन महिन्यांनी नवा रंग आणि वर्ष-दीड वर्षात काळा पट्टा देणारे वर्ग आज गावोगावी आहेत. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. त्यासाठी न खेळलेल्या खेळाची प्रमाणपत्रे घेतल्याची प्रकरणेही आपल्या राज्यात उघडकीस आलेली आहेत. अशा वेळी नापास झाले कोण? ज्या मुलाच्या कमरेला न कमावलेला पट्टा बांधला जातो, त्याला आपण दोन गोष्टी शिकवितो. एक, की माप खोटे असते. आणि दुसरी, की त्याच्यावर कोणाचा भरवसा नाही. ‘तुला हे खरोखर जमेल’ असे वाटत असते, तर आपण खोटे माप कशाला वापरले असते?

संत पौल यांना करिंथ शहरातील लोकांशी बोलताना धावपटू आणि मुष्टियोद्धा यांचे दाखले सुचले, ते उगीच नव्हे. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत. श्रोत्यांना ती भाषा कळत होती. त्या उताऱ्याचा शेवट मात्र श्रोत्यांना नव्हे, स्वतः उपदेशकाला उद्देशून आहे. इतरांना उपदेश केल्यावर आपणच स्पर्धेतून बाद ठरू नये, ही धास्ती पौल तिथे व्यक्त करतात. अनेक वर्षे मी त्या उताऱ्यावर प्रवचन केले. त्या रविवारी तो माझ्यावर प्रवचन करून गेला.

मग करुणेला परीक्षेत जागाच नाही काय? अवश्य आहे, आणि ती कोठे, हेही मला त्या परीक्षकांनीच दाखविले. जाताना त्यांनी वर्गाच्या शिक्षकांना सांगितले की, या मुलाकडून पुढच्या परीक्षेचे शुल्क घेऊ नये, आणि रोज वर्ग सुटल्यावर दहा मिनिटे त्याचा काता करून घ्यावा. सवलत त्यांनी पैशात दिली, वेळेत दिली; मापात दिली नाही. ज्याचे आईवडील फडात आहेत, त्याला अधिक वेळ, अधिक लक्ष, अधिक संधी मिळाली पाहिजे, हा न्याय आहे. त्याच्यासाठी माप लहान करणे हा न्याय नव्हे; तो अपमान आहे.

पुढील बुधवारी वर्ग भरला तेव्हा मी मुद्दाम दाराशी जाऊन उभा राहिलो. तो येईल की नाही, याची मला शंका होती. तो आला. बावीस पिवळ्या पट्ट्यांच्या मागे एकटा पांढरा पट्टा बांधून उभा राहिला. त्याने कोणाची माफी वगैरे मागितली नाही. तो शब्द त्याला जमला नसावा. परंतु सरावासाठी जोड्या लावण्याची वेळ आली, तेव्हा तो आपण होऊन त्या लहान मुलासमोर गेला, ठोसे झेलण्याचे पॅड हातात धरले आणि तासभर त्याचे ठोसे झेलीत राहिला. ओठ सुजलेला तो लहान मुलगा प्रथम बिचकत मारीत होता. नंतर दोघेही हसू लागले.

पाडव्यानंतर आठवड्याभराने आई आली. उन्हाने रापलेली, हातांना उसाच्या पाचटाचे चरे. मुलाने तिला पट्टा मिळाला नाही, हे स्वतःच सांगितले, आणि का मिळाला नाही, तेही सांगितले. हे मला तिनेच येऊन सांगितले. ती रागावली काय, असे मी विचारले. ती म्हणाली, “रागवू कशाला, फादर? खरं बोललं की लेकरू.”

मे महिन्यात त्याला पिवळा पट्टा मिळाला. तो माझ्याच हाताने त्याच्या कमरेला बांधला गेला. गाठ मला नीट मारता येईना, म्हणून त्याने ती सोडून पुन्हा स्वतःच मारली.